डोंगरयात्रेची तयारी : पादत्राणे, वस्त्रे आणि विवेक

दिवाळी सरून कार्तिकी पौर्णिमा जवळ आली की आपल्या घराघरांतून तीर्थयात्रेचे बेत सुरू होतात. चातुर्मासात बंद असलेली शत्रुंजयाची यात्रा या पौर्णिमेला पुन्हा सुरू होते. कोणाच्या मनात श्री सम्मेदशिखरजी असते, कोणाच्या मनात गिरनार, कोणाच्या मनात मांगीतुंगी. बीड, गेवराई, आष्टी, अंबाजोगाई, परळी येथील मंडळी मिळून जाण्याचे ठरवतात. रेल्वेची तिकिटे, धर्मशाळेतील खोल्या आणि सोबतचा फराळ यांच्या याद्या महिनाभर आधी तयार होतात. मात्र ज्या पायांनी डोंगर चढायचा त्या पायांत काय घालायचे आणि पहाटेच्या थंडीत अंगावर काय असावे, याचा विचार बहुधा निघण्याच्या आदल्या रात्री होतो.

आमच्या घरीही तसेच झाले. काही वर्षांपूर्वी आम्ही शिखरजीला गेलो. आमच्या काकूंनी या यात्रेसाठी म्हणून एक चांगला, कापडी वरभागाचा बुटांचा जोड घेऊन ठेवला होता. यात्रेचा योग लांबत गेला आणि बूट सात-आठ वर्षे कपाटातच, प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेले राहिले. वंदना उत्तम झाली. पार्श्वनाथ टोंकेचे दर्शन घेऊन उतरू लागलो आणि अर्ध्या तासातच एका बुटाचा तळ उघडला. पाहतो तर आतील थर भिजलेल्या बिस्किटासारखा चुरा होऊन गळत होता. थोड्याच वेळात दुसराही गेला. उपरण्याच्या पट्ट्या फाडून तळ पायाला बांधले आणि काकू तशाच, दर शंभर पावलांना थांबत, मधुबनपर्यंत उतरल्या. पुढे पंधरा दिवस त्यांचा गुडघा सुजलेला होता. खाली आल्यावर त्या एवढेच म्हणाल्या, "अरे, एकदाही नीट घातले नव्हते रे. नवेच होते की!"

न वापरलेली वस्तू नवी असते, हा आपणा सर्वांचाच समज आहे. तो चुकीचा आहे. हा लेख त्या चुकीतून शिकलेल्या गोष्टींचा आहे.

डोंगर किती मोठा आहे?

झारखंडातील गिरिडीह जिल्ह्यातला पारसनाथ पर्वत सुमारे १,३६५ मीटर उंच आहे. चोवीसपैकी वीस तीर्थंकरांची ही निर्वाणभूमी. मधुबनहून सुमारे ९ किलोमीटर चढण, वर टोंकांच्या वंदनेचे ९ आणि उतरणीचे ९, असे एका दिवसात २७ किलोमीटर चालणे होते. गिरनारच्या पायऱ्या सुमारे दहा हजार, तर पालिताण्याच्या साडेतीन हजारांहून अधिक. घर ते दुकान आणि दुकान ते मंदिर एवढेच चालणाऱ्या श्रावकासाठी हे मोठे पदभ्रमण आहे.

अनेक भाविक ही वंदना अनवाणी करतात. त्यांच्या श्रद्धेपुढे आपण नतमस्तक आहोत. मात्र अनवाणी चालण्यालाही सराव लागतो. आपल्या जिल्ह्याच्या सीमेलगतच कुंथलगिरी आहे. देशभूषण-कुलभूषण मुनींची ती सिद्धभूमी आणि १९५५ मध्ये आचार्य श्री शांतिसागर महाराजांनी जेथे सल्लेखना घेतली ते क्षेत्र. अनवाणी वंदनेचा संकल्प असलेल्यांनी आधी तेथील पायऱ्यांवर सराव करावा. ज्यांना मधुमेह आहे, विशेषतः ज्यांच्या तळपायांची संवेदना कमी झाली आहे, त्यांनी वैद्यकीय सल्ल्याशिवाय अनवाणी डोंगर चढू नये. त्यांना लागलेला खडा कळत नाही आणि लहानशी जखम पुढे गंभीर होते.

खरेदीपूर्वीचा पहिला प्रश्न : हे कशाचे आहे?

आपण ताटातील पदार्थाविषयी चौकशी करतो. पायातील वस्तूविषयी क्वचितच करतो. डोंगरात वापरण्याचे बूट पूर्वी चामड्याचेच असत आणि आजही अनेक असतात. 'जेन्युइन लेदर' हे शब्द आपण ओळखतो. परंतु 'स्वेड' आणि 'नुबक' हेही चामड्याचेच प्रकार आहेत, हे पुष्कळांना ठाऊक नसते. मऊ, मखमली पृष्ठभागामुळे ते कापड वाटते आणि फसगत होते. 'पीयू कोटेड लेदर' म्हणजे वर कृत्रिम थर आणि खाली चामडेच.

पुष्कळ बुटांच्या जिभेवर किंवा डब्यावर लहान चिन्हांची पट्टी असते. पसरलेल्या कातड्याच्या आकाराचे चिन्ह म्हणजे चामडे, विणीचा चौकोन म्हणजे कापड आणि कोनावर उभा केलेला साधा चौकोन म्हणजे इतर, बहुधा कृत्रिम, पदार्थ. वरचा भाग, अस्तर आणि तळ यांसाठी ही चिन्हे स्वतंत्रपणे दिलेली असतात. तिन्ही पाहावीत, वरून कापडी असलेल्या बुटाचे अस्तर चामड्याचे असू शकते.

थंडीच्या कपड्यांबाबतही हीच दक्षता हवी. वजनाला हलक्या आणि अतिशय उबदार जॅकेटवर 'डाउन' असे लिहिलेले असेल तर आत बदकांची किंवा हंसांची मऊ पिसे भरलेली असतात. दिगंबर मुनींची पिच्छी मोराने स्वतः टाकलेल्या पिसांची असते. ही पिसे त्या प्रकारे आलेली नसतात. पॉलिएस्टरचे तंतू भरलेली जॅकेटे सहज मिळतात. ती किंचित जड असतात, पण ओली झाली तरी पिसांपेक्षा अधिक ऊब टिकवतात. रेशमासाठी कोश उकळले जातात, हे आपल्याकडे सर्वांना माहीत आहे. लोकरीचा प्रश्न वेगळा. श्वेतांबर साधूंचा ओघा लोकरीचा असतो, म्हणून लोकर परंपरेने सर्वस्वी वर्ज्य नाही. तरीही मेंढ्यांना कोणत्या रीतीने वागवले जाते याचा विचार करून अनेक कुटुंबे ती टाळतात. तो निर्णय ज्याचा त्याने करावा.

येथे एक आक्षेप प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. चामडे टाळून आपण जे घेतो ते बहुतेक प्लास्टिकच असते. ते मातीत कुजत नाही, त्याचे सूक्ष्म तंतू धुताना पाण्यात जातात आणि नीट जपलेल्या चामडी बुटापेक्षा ते लवकर निकामी होते. दर दोन वर्षांनी एक जोड फेकला तर आपली अहिंसा अपुरीच राहील. यावर एकच मार्ग दिसतो : थोडे घ्यावे, पारखून घ्यावे आणि पुष्कळ दिवस टिकवावे. परिग्रह-परिमाणाचे अणुव्रत बुटांच्या फळीलाही लागू आहे.

माप आणि पारख

बूट संध्याकाळी घ्यावेत. दिवसभराच्या वावराने पाय किंचित सुजलेले असतात आणि डोंगरातही तसेच सुजतात. यात्रेत जे मोजे घालणार तेच घालून माप पाहावे. उभे राहिल्यावर सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा असावी. टाच मात्र आत उचलली जाऊ नये. दुकानात उतरता पाट किंवा जिना असेल तर उतरून पाहावे. बोटे पुढे आपटत असतील तर २७ किलोमीटरनंतर नखे काळी पडणार हे निश्चित समजावे. तळ खोल खाचांचा असावा आणि मधोमध दुमडण्याऐवजी बोटांच्या मुळाशी वाकावा. पायऱ्यांच्या यात्रेला घोट्यापर्यंतचे जड बूट लागतातच असे नाही; दर्शनासाठी वारंवार काढावे लागणार असल्याने हलके, सहज सुटणारे बूट बरे.

नवे बूट थेट यात्रेत घालू नयेत. निदान महिनाभर रोज सकाळी फिरताना वापरावेत. त्यानंतर पाटोदा तालुक्यातील सौताड्याच्या दरीत किंवा बालाघाटाच्या जवळच्या एखाद्या उतारावर एक दिवस घालवावा. बूट कुठे चावतो ते उतरतानाच कळते.

सुती मोजे घाम धरून ठेवतात आणि ओल्या त्वचेवर फोड येतात. लवकर वाळणारे कृत्रिम धाग्याचे मोजे घ्यावेत आणि एक जोड पिशवीत ठेवावा. टाच गरम झाल्यासारखी वाटताच, फोड येण्यापूर्वी, तेथे चिकटपट्टी लावावी.

अंगावर आणि पाठीवर

मराठवाड्याच्या उन्हात सुती कापडासारखे सुख नाही. परंतु डिसेंबर-जानेवारीत शिखरजीची चढण अंधारात सुरू होते. चढताना सदरा घामाने भिजतो आणि वरच्या वाऱ्यात तोच अंगाला बर्फासारखा लागतो. म्हणून आत लवकर वाळणारा पातळ सदरा, त्यावर उबदार थर आणि सर्वांत वर वारा-पाऊस अडवणारे हलके जॅकेट, असे तीन थर असावेत. चढताना एकेक काढावा, थांबताच घालावा. पूजेची शुद्ध वस्त्रे वेगळ्या कोरड्या पिशवीत ठेवावीत.

पाठपिशवी कंबरपट्ट्याची घ्यावी, म्हणजे भार खांद्यांऐवजी कमरेवर येतो. काठी अवश्य घ्यावी. उतरताना गुडघ्यांवरील ताण ती कमी करते. सपाटीवर काठी धरलेला हात कोपरात काटकोनात असावा, उतारावर ती थोडी लांब करावी. कपाळावर बांधायचा दिवा हवाच. ईर्यासमितीत पुढची चार हात जमीन पाहून पाऊल टाकण्यास सांगितले आहे; अंधारात ते दिव्याविना अशक्य. ज्यांना शक्य आहे त्यांनी उजाडल्यावरच निघावे हे उत्तम.

घरी परतल्यावर

खरी निगा येथून सुरू होते. बुटांच्या खाचांतील माती वाळू द्यावी आणि मऊ ब्रशने झाडावी; ओल्या मातीत बारीक जीव असतात. आतील गादी व नाड्या काढून वेगळ्या धुवाव्यात. बूट कोमट पाण्याने व सौम्य साबणाने हातानेच धुवावेत, यंत्रात टाकू नयेत. आत जुन्या वर्तमानपत्राचे बोळे भरून सावलीत, वाऱ्यावर वाळवावेत. आपल्याकडच्या कडक उन्हात किंवा चुलीजवळ वाळवल्यास गोंद सुटतो.

पाणी अडवणाऱ्या जॅकेटला कपडे मऊ करणारे द्रव्य कधीही लावू नये. त्याने वरचा पाणीरोधक लेप निकामी होतो. सौम्य साबणाने धुऊन पुष्कळ पाण्यात खळबळावे. पाण्याचे थेंब वर न थांबता कापडात जिरू लागले तर, निगेच्या पट्टीवर इस्त्रीस मनाई नसल्यास, वर सुती कापड ठेवून अगदी मंद इस्त्री फिरवावी; लेप बहुधा पुन्हा काम करू लागतो. पिशवीच्या चेनमधील धूळ जुन्या दातांच्या ब्रशने काढून मेणबत्ती घासावी. काठीचे भाग वेगळे करून वाळवावेत. दिव्यातील सेल काढून ठेवावेत, नाहीतर ते गळून दिवाच जातो.

काकूंच्या बुटांचे काय झाले होते?

अनेक बुटांच्या तळाचा मधला मऊ थर पॉलियुरेथेन या पदार्थाचा असतो. हवेतील ओलावा त्याची साखळी हळूहळू तोडत जातो. उष्ण, दमट आणि बंद जागी ही क्रिया वेगाने होते. पाच-दहा वर्षांत थर ठिसूळ होतो. वरून काहीच दिसत नाही, वजन पडताच चुरा होतो. चालताना थर दाबला जाऊन त्यातील ओलावा बाहेर पडतो, त्यामुळे वापरातले बूट अनेकदा ठेवलेल्या बुटांपेक्षा जास्त टिकतात. प्लास्टिकच्या पिशवीने तर ओलावा आतच कोंडला होता.

म्हणून बूट कापडी पिशवीत किंवा उघड्या फळीवर ठेवावेत आणि महिन्यातून एकदा तरी घालून फिरावे. यात्रेपूर्वी पंधरा दिवस तळ अंगठ्याने दाबून, दोन्ही हातांनी वाकवून पाहावा. भेगा दिसल्या किंवा भुगा पडला तर ते बूट नेऊ नयेत. केवळ कडा सुटली असेल तर गावातील चर्मकार बांधवांकडून सभोवार शिलाई घालून घ्यावी. ती डोंगरावर लाज राखते. थरच ठिसूळ झाला असेल तर शिलाईचा उपयोग नाही.

चातुर्मासात आपण यात्रा थांबवतो आणि नेमक्या त्याच दमट महिन्यांत हे सामान बंद कपाटात असते. पावसाने उघडीप दिली की सर्व वस्तू बाहेर काढून वारा द्यावा. कपाटात जीवनाशक गोळ्या टाकण्याऐवजी वस्तू कोरड्या ठेवाव्यात, सोबत वाळलेला कडुनिंबाचा पाला किंवा वेखंड ठेवावे. बूट घालण्यापूर्वी हलकेच उलटे करून झटकावेत. आपल्या भागात विंचू आत बसलेला असू शकतो. त्यातच त्याचे आणि आपले दोघांचेही रक्षण आहे.

साधू-साध्वी आपली मोजकी उपकरणे रोज सकाळ-संध्याकाळ पाहून, जपून हाताळतात. वस्तू उचलताना आणि ठेवताना राखायच्या या सावधपणाला आदान-निक्षेपण समिती म्हणतात; पाच समितींत ती चौथी. गृहस्थाला ती पूर्णपणे पाळणे शक्य नसले तरी तिचा अंश आपल्या कपाटापर्यंत आणता येईल. तेवढी वस्तू दरमहा हाती घेऊन पाहिली जाते, वापरली जाते, आणि मग ती ऐन डोंगरावर दगा देत नाही.

काकूंनी पुढच्या वर्षी नवा जोड घेतला. चिन्हांची पट्टी त्यांनी स्वतः चष्मा लावून वाचली. आता तो जोड कपाटात नसतो. रोज पहाटे तो घालून त्या मंदिरापर्यंत चालत जातात. मागच्या हिवाळ्यात त्याच बुटांनी त्या मांगीतुंगी चढून उतरल्या.