खातें बदलल्याचें पत्र

खतें, औषधें व ठिबकच्या नळ्या यांचीं बिलें आतां पुष्कळ सोसायट्यांकडे ई-मेलनें येतात, आणि ठगांची दृष्टि याच व्यवहारावर असते. नेहमींच्या पुरवठादाराच्या नांवानें पत्र येतें कीं, आमचें बँकेंतील खातें बदललें आहे; पुढील रक्कम नव्या खात्यांत भरावी.

लिथुएनियांतील एका इसमानें एका तैवानी कारखान्याच्या नांवाचीच कंपनी लाटव्हियांत काढली, आणि २०१३ ते २०१५ या काळांत खोटीं बिलें पाठवून गूगल व फेसबुक यांजकडून बारा कोटींहून अधिक डॉलर उकळले. २०१९ सालीं न्यूयॉर्कच्या न्यायालयानें त्यास पांच वर्षांची कैद दिली. जेथें इतके हिशेबनीस असतां ठगी साधली, तेथें आपल्या चिटणिसानें गाफील राहून कसें चालेल?

अशा पत्राच्या खुणा ठराविक आहेत. पाठविणाराच्या पत्त्यांत एखादें अक्षर फिरविलेलें असतें. रक्कम आजच पाठविण्याची घाई असते. कोणास विचारूं नये असेंही सुचविलेलें असतें. परंतु पुरवठादाराचा पासवर्डच ठगाच्या हातीं लागला असेल, तर पत्र खऱ्या पत्त्यावरूनच येतें. यास्तव केवळ खुणांवर विसंबूं नये. खातें बदलल्याचें पत्र येतांच आपल्या जुन्या वहींतील क्रमांकावर फोन करून खात्री करावी. पत्रांत दिलेल्या क्रमांकावर कदापि करूं नये. मोठ्या रकमेस दोघांची संमति आवश्यक ठेवावी.

इतकें करूनही रक्कम गेलीच, तर संचालक मंडळाच्या बैठकीची वाट न पाहतां तत्काळ बँकेस व १९३० या सरकारी क्रमांकावर कळवावें. पैसा पुढें सरकण्यापूर्वीं खातें गोठविलें गेलें, तर तो परत मिळण्याचा संभव असतो.