डाग गेले म्हणजे रोग गेला असे नव्हे

खाऱ्या पाण्याच्या टाकीतल्या सर्जनफिशच्या अंगावर मिठाच्या कणांएवढे पांढरे ठिपके दिसू लागतात, मासा खडकाला अंग घासू लागतो आणि मालक घाईने औषधाची बाटली टाकीत ओततो. आठवड्याच्या आत ठिपके जातात आणि औषध लागू पडले, अशी त्याची खात्री होते. पण ते ठिपके औषध न घालताही गेलेच असते. ‘मरीन व्हाइट स्पॉट’ हा रोग क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स या एकपेशीय परजीवीमुळे होतो. तो माशाच्या त्वचेत आणि कल्ल्यांत घुसून साधारण तीन ते सात दिवस पोट भरतो, मग स्वतःहून बाहेर पडतो आणि वाळूवर किंवा खडकावर कोश करून बसतो. कोशात तो विभागत राहतो. एका कोशातून दोनशेपर्यंत पिल्ले बाहेर पडू शकतात आणि ती एक-दोन दिवसांत मासा गाठतात किंवा मरतात. समुद्रात बहुतेकांच्या नशिबी मरणच येते. टाकीत मात्र मासा हाताच्या अंतरावर असतो, म्हणून प्रत्येक फेरीत हल्ला वाढत जातो. उपचार माशावर करायचा असला, तरी रोगाचा साठा टाकीत असतो, हे त्यामुळे विसरून चालत नाही.

औषध कुठे पोहोचते, हेही पाहायला हवे. यावर सर्वांत जुना खात्रीचा उपाय तांब्याचा. पाण्यात मुक्त तांबे लिटरमागे ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम राखले, तर पोहणारी पिल्ले मरतात. त्वचेखालचा परजीवी आणि कोश दोन्ही त्यातून वाचतात. म्हणून ही मात्रा टेस्ट किटने रोज मोजत काही आठवडे टिकवावी लागते. मुख्य टाकीत हे जमत नाही, कारण प्रवाळखडक आणि वाळू तांबे शोषून घेतात आणि प्रवाळ, कोळंबी, गोगलगाई त्याने मरतात. दुसरा मार्ग क्षारता कमी करण्याचा. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. ते हळूहळू १६ ग्रॅमपर्यंत उतरवले की कोश फुटतात, मासे मात्र तग धरतात. प्रवाळांना हेही सोसत नाही. दोन्ही वाटा वेगळ्या टाकीकडेच जातात. तिथे वाळू-खडक नको. लपायला पाइपाचे तुकडे पुरतात. नव्या टाकीत जिवाणूंचे फिल्टर तयार नसल्याने अमोनिया मात्र तपासत राहावा लागतो.

आजारी मासा पकडून हलवल्याने त्याच्यावर ताण येतो, हा आक्षेप खरा आहे. पण तो ताण एकदाच येतो आणि ओसरतो. कल्ल्यांवरचा हल्ला दर फेरीला वाढतो. काही मासे उपचाराविना बरे होतात, हेही खरे. एकदा लागण झालेल्या माशात काही महिने टिकणारी प्रतिकारशक्ती येते. मात्र असा मासा ठिपके न दाखवता परजीवी बाळगू शकतो आणि नव्याने आणलेला मासा त्याला बळी पडतो. सफाई करणारी कोळंबी त्वचेखालच्या परजीवीपर्यंत पोहोचत नाही. अतिनील दिव्याने पिल्ले मरतात, पण त्याच्यासमोरून वाहणाऱ्या पाण्यातलीच.

मुख्य टाकीसाठी औषध लागतच नाही, वेळ लागतो. परजीवीला मासाच हवा असतो. प्रवाळ आणि कोळंबीवर तो जगत नाही. कोश फुटायला काही दिवसांपासून काही आठवडे लागतात आणि प्रयोगात ७२ दिवसांनी फुटलेल्या कोशाचीही नोंद आहे. म्हणून जाणकार टाकी अडीच महिने माशांविना ठेवतात, आणि ठेवायचे तर सगळे मासे बाहेर काढावे लागतात. एकही आत राहिला तर फेरी चालूच राहते. हा खटाटोप महाग वाटेल. पण तीच छोटी टाकी आधीच मांडून प्रत्येक नवा मासा त्यात चार-सहा आठवडे ठेवला, तर ही वेळ बहुधा येतच नाही. तेव्हा माशाची किंमत विचारताना या दुसऱ्या टाकीचा खर्चही त्यातच धरावा.