नाटकाचीही शेतीशाळा भरायला हवी

पिंपळे गुरवला महापालिकेचं जे नाट्यगृह आहे, त्याचं नाव नटसम्राट निळू फुले रंगमंदिर. हे निळूभाऊ नट होण्याआधी माळी होते, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असतं. पुण्याच्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयाच्या बागेत ते कामाला होते. पगार महिना ८० रुपये, आणि त्यातले १० रुपये राष्ट्र सेवा दलाला द्यायचे. स्वतःची रोपवाटिका काढावी असं त्यांच्या मनात होतं, पण भांडवल जमलं नाही. आम्हा शेतीखात्याच्या माणसांना हे ऐकून जरा हळहळच वाटते. एक चांगला रोपवाटिकावाला गेला, पण महाराष्ट्राला नट मिळाला.

हा नट तयार कुठं झाला? नाट्यशाळेत नाही आणि मुंबईतही नाही. १९४१ साली सुरू झालेल्या सेवा दलाचं कलापथक होतं, त्यात. दिवसा नोकरी, संध्याकाळी तालीम आणि मग गावोगावचे कार्यक्रम. १९५७ च्या निवडणुकीच्या वेळी ‘येरा गबाळ्याचे काम नोहे’ या लोकनाट्यानं लोक त्यांना ओळखायला लागले. पुढं शंकर पाटलांचं ‘कथा अकलेच्या कांद्याची’ गाजलं आणि १९६८ साली ‘एक गाव बारा भानगडी’ हा पहिला चित्रपट मिळाला. मधली वर्षं मोजा. अकरा होतात. १९७२ चा ‘सखाराम बाइंडर’ आणि १९७५ चा ‘सामना’ त्याच्याही नंतरचे. ‘सामना’तला साखर कारखान्याचा हिंदुराव ज्यांनी पाहिलाय त्यांना सांगायला नको, हा माणूस आवाज न चढवता समोरच्याला घाम फोडायचा. ही सवय कलापथकाच्या फळीवर लागली असणार, असं मला वाटतं. रोज नवं गाव, नवा प्रेक्षक आणि दाद मिळाली नाही तर ती तिथल्या तिथं कळायची.

आता आपल्या जत्रेच्या नाटकाकडं बघू. मावळ, खेड, मुळशीत अजून काही गावं नाटक बसवतात. बरीच थांबली, कारण जत्रेची वर्गणी ऑर्केस्ट्रा आणि डीजेकडं वळली. जिथं चालू आहे तिथं काय होतं ते वाचकांना माहीत आहेच. महिनाभर आधी पुस्तक आणतात. ज्याची वर्गणी मोठी त्याला मोठी भूमिका. नटी बाहेरून येते, ती प्रयोगाच्या आदल्या दिवशी. स्टेजवर वर टांगलेले दोन माईक, त्यामुळं सगळे नट त्या माईकखाली गोळा होतात आणि तोंड वर करून ओरडतात. पाठांतर कच्चं, म्हणून कान विंगेतल्या प्रॉम्प्टरकडं. समोरचा काय बोलला याकडं लक्षच नाही, आपली पाळी कधी येते एवढीच वाट बघायची. बाप मेल्याचा प्रवेश असतो आणि पोरगा बघतो कुणाकडं, तर पहिल्या रांगेत बसलेल्या मित्राकडं! लोक हसतात, शिट्ट्या वाजतात, मजा येते. दुसऱ्या दिवशी ड्रेपरीवाला पडदे गुंडाळून नेतो. पुढच्या वर्षी तेच नट, त्याच चुका.

या पोरांत गुण नसतात असं अजिबात नाही. ज्याला आवाज आहे, नक्कल येते, शब्द लक्षात राहतात असा एखादा गडी प्रत्येक गावात असतोच. पण वर्षातून एका रात्रीवर कुणीही नट होत नाही.

आमच्या खात्यात पूर्वीपासून मेळावे होतात. मांडव, सत्कार, भाषणं, जेवण, आणि बीजप्रक्रिया करा असं सांगून आम्ही परत. किती जणांनी केली? हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्यांनी. म्हणून शेतीशाळा आली. पंचवीस-तीस शेतकरी, एकच प्लॉट, पेरणीपासून काढणीपर्यंत ठराविक दिवसांनी तिथंच जमायचं, पानं उलटून कीड मोजायची, मित्रकिडी ओळखायच्या, आपसांत वाद घालायचे. शिकवणारा कमी बोलतो आणि शेतकरी जास्त. नाट्यशिबिराचंही तसंच आहे. शनिवार-रविवारी शहरात दोन दिवसांचं शिबिर करून प्रमाणपत्र घेऊन आलेली मुलं मी पाहिली आहेत. उत्साह येतो, नाही असं नाही. पण तो मेळाव्यासारखा, आठ दिवसांत ओसरतो. शिबिर एकाच नाटकाला जोडलेलं हवं आणि हंगामभर चालायला हवं.

चांगल्या शिबिरात पहिले काही दिवस पुस्तक उघडतच नाहीत. श्वास कुठून घ्यायचा, तो वाक्याच्या शेवटापर्यंत कसा पुरवायचा, हे आधी. आवाज घशातून काढला तर दोन तासांत बसतो, पोटातून काढला तर माईकशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत जातो. मग चालणं, उभं राहणं, हात कुठं ठेवायचे. आपल्या माणसाला फावडं दिलं की हात बरोबर चालतात, रिकाम्या हातांचं काय करायचं हे मात्र त्याला स्टेजवर कळत नाही. मग प्रसंग देतात : सावकार आणि कर्जदार, बोला तुमच्या मनानं. इथं पाठ केलेलं काही नसतं, त्यामुळं समोरच्याचं ऐकावंच लागतं. माझ्या मते अर्धं काम इथंच होतं. ऐकायला शिकलेला नट पुढं काहीही शिकतो. पुस्तक त्यानंतर हातात येतं. आणि प्रत्येकानं एकदा तरी पडदा ओढायचा, दिवे लावायचे, खुर्च्या मांडायच्या. नायकालाही यातून सुटका नको.

हे खेड्यातल्या माणसाला जमतं का, असं विचारणाऱ्यांनी जालन्याकडं बघावं. जांबसमर्थचे राजकुमार तांगडे हे शेतकरी. त्यांनी विजेच्या चोरीवर ‘आकडा’ लिहिलं. आकडा म्हणजे काय हे आपल्याकडं कुणाला समजवायला नको! पुढं २०१२ साली त्यांचंच ‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’ नंदू माधवांनी बसवलं. जालन्याकडची शेतकरी घरातली मुलं ते नाटक घेऊन मुंबई-पुण्याच्या नाट्यगृहांत उभी राहिली आणि शहरातल्या लोकांनी तिकीट काढून ते पाहिलं. त्याच वर्षी पुण्यात अतुल पेठे यांनी गो. पु. देशपांडे यांचं ‘सत्यशोधक’ बसवलं, ते महापालिकेच्या सफाई कामगारांना घेऊन. त्यांतले बरेचजण पहिल्यांदाच रंगमंचावर चढत होते, आणि काम पेललं त्यांनी जोतीराव फुल्यांवरच्या नाटकाचं. तिकडं गडचिरोली-चंद्रपूरच्या झाडीपट्टीत भात निघालं की नाटकांचा हंगामच लागतो. तिथले शेतकरी नट परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली.

नोकरीचं कारण सांगू नये, असं मी म्हणतो. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे डॉक्टर होते आणि वर्षानुवर्षं पुण्यात हौशी नट म्हणून काम करून १९६९ साली पूर्णवेळ नाटकात आले. ‘घाशीराम कोतवाल’ १९७२ साली बसवणारे जब्बार पटेल हे दौंडला दवाखाना चालवणारे डॉक्टर. २०२४ च्या जानेवारीत पिंपरी-चिंचवडला शंभरावं नाट्यसंमेलन झालं, त्याचे अध्यक्ष तेच.

चाकणच्या कंपन्यांत तीन पाळ्यांत राबणाऱ्या पोरांची अडचण मात्र खरी आहे. एकाची पहिली पाळी, दुसऱ्याची रात्रपाळी, मग तालमीला सगळे एकदम येणार कसे? त्यावर उपाय एवढाच की प्रवेशवार तालीम घ्यावी आणि सगळ्यांना एकत्र फक्त सुट्टीच्या दिवशी बोलवावं. आणखी एक गोष्ट या पोरांना कुणी सांगत नाही. जून आणि डिसेंबरच्या पगारातून ज्यांची कामगार कल्याण निधीची वर्गणी कापली जाते, त्यांच्यासाठी महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळ नाट्यस्पर्धा घेतं. पगारपत्रक नीट वाचा आणि जवळच्या केंद्रात चौकशी करा. पैसे तुमचेच आहेत. गावच्या संस्थेला सांस्कृतिक कार्य संचालनालयाची हौशी राज्य नाट्य स्पर्धा आहेच. लेखकाची परवानगी आणि संहितेचं परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र आधी घ्यावं, ऐनवेळी धावपळ नको.

सरपंच आणि ग्रामसेवक भाऊसाहेबांना एक विनंती. समाजमंदिर संध्याकाळी कुलूपबंद असतं, ते आठवड्यातून दोन दिवस उघडून द्या. दिवा आणि पंखा चालू असला तरी पुरे. शिकवणारा माणूस पुण्या-पिंपरीहून आणायचा तर त्याला येण्या-जाण्याचा खर्च आणि थोडं मानधन लागेल, ते जत्रेच्या वर्गणीतून काढा. डीजेच्या एका रात्रीच्या बिलात बरंच शिबिर होतं. आणि गावातल्या मुलींना घ्या. आई-वडील नको म्हणतात, कारण रात्री उशीर होतो. म्हणून तालीम पाच ते सात ठेवा, आणि दोन-तीन आया येऊन बसल्या तरी चालतील. त्यांच्यातलीच एखादी पुढच्या वर्षी सासूची भूमिका मागेल.

चैत्रातली जत्रा धरून मागं मोजलं तर शिबिर दिवाळीनंतर, हरभरा-गहू पेरून झाला की बसवावं लागेल. डिसेंबर-जानेवारीत कांद्याची लागण येते, तेव्हा सगळ्यांची पाठ मोडलेली असते. त्या दिवसांत आठवड्याला एकच तालीम ठेवावी, आणि तीही बसून, वाचनाची.