पंचवीस कास्टिंगपुरता पॅटर्न

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात किंवा शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत ओतकामाची नवी ऑर्डर आली, की लोखंड वितळायच्या कितीतरी आधी पॅटर्नची बोलणी सुरू होतात. पॅटर्न म्हणजे हव्या असलेल्या वस्तूची प्रतिकृती. तिच्याभोवती वाळू ठासायची, ती अलगद काढून घ्यायची आणि मागे राहिलेल्या पोकळीत धातू ओतायचा. हा पॅटर्न पिढ्यान्‌पिढ्या सागवानाचा होत आला. नग हजारांत असतील तर अ‍ॅल्युमिनियमचा किंवा बिडाचा. आता त्यात एमडीएफची भर पडली आहे, पण त्याच्याकडे बघायची नजर अजून फर्निचरवाल्याचीच आहे. पाणी लागलं की फुगतो, कडेला स्क्रू धरत नाही, स्वस्तातला माल. फर्निचरपुरती ही तक्रार खरी आहे. पण थोड्या नगांच्या कामात एमडीएफकडे नाइलाज म्हणून वळण्याऐवजी आधी त्याचाच विचार व्हावा आणि तो जी शिस्त मागतो ती त्याला द्यावी, असं मला ठामपणे वाटतं.

एमडीएफ म्हणजे लाकडाचे सुटे केलेले तंतू. वाफेवर मऊ करून ते पिंजतात, त्यात राळ मिसळतात आणि गरम दाबयंत्राखाली तक्ता बनवतात. 1960 च्या दशकात अमेरिकेत त्याचं कारखानदारी उत्पादन सुरू झालं. घनता साधारण 600 ते 800 किलो दर घनमीटर. आठ बाय चारचा अठरा मिलिमीटरचा तक्ता चाळीस किलोच्या आसपास भरतो. पॅटर्नच्या दृष्टीने त्याचा मोठा गुण म्हणजे त्याला रेषा नाहीत, गाठ नाही. सागवान कितीही उत्तम असला तरी हवेतल्या ओलाव्याने तो तंतूंच्या दिशेने जवळजवळ हलत नाही आणि आडवा मात्र हलतो. म्हणून गोल चकती काही महिन्यांत किंचित लंबगोल होते. ते टाळायला मिस्त्री तुकडे उलटसुलट जोडतो, आणि त्या जोडणीत दिवस जातात. एमडीएफ लांबीला आणि रुंदीला सारखाच हलतो. गोल गोलच राहतो. शिवाय चांगला वाळलेला सागवान मिळवणं सोपं राहिलेलं नाही. म्यानमारने 1 एप्रिल 2014 पासून ओंडक्यांची निर्यात बंद केली, तेव्हापासून बर्मा सागाचा भरवसा धरता येत नाही.

काम कसं चालतं ते एका पंपाच्या केसिंगवर पाहू. नकाशात बाहेरचा व्यास 600 मिलिमीटर आहे. करडं बीड थंड होताना साधारण एक टक्का आकसतं, म्हणून पॅटर्न 606 चा करायचा. पूर्वी यासाठी मिस्त्रीकडे मुद्दाम वाढवलेल्या मापाची वेगळी पट्टी असे. आता संगणकावरचं मॉडेल 1.01 ने गुणतात. वाळूतून पॅटर्न सुटावा म्हणून उभ्या भिंतींना एक-दोन अंशांचा उतार द्यायचा आणि जिथे पुढे मशीनिंग होणार तिथे जादा माल ठेवायचा. मग तक्ते एकावर एक चिकटवून ठोकळा बनवतात. इथे पांढरा गोंद सर्व पृष्ठावर सारखा पसरावा लागतो आणि क्लॅम्प रात्रभर ठेवावे लागतात. घाईत चिकटवलेला ठोकळा संगणकावर चालणाऱ्या राउटरखाली थरावर उसवतो. आधी जाड कटरने पायऱ्यापायऱ्यांचा ओबडधोबड आकार निघतो, नंतर गोल टोकाचा कटर अंगावरून फिरतो. बारा मिलिमीटरच्या गोल कटरची प्रत्येक फेरी एक मिलिमीटर सरकवली, तर दोन फेऱ्यांमधला उंचवटा मिलिमीटरच्या दोन शतांशाएवढा राहतो, पॉलिशपेपरच्या एका हाताने जाईल इतका. वेळ वाचवायला तेच अंतर तीन मिलिमीटर केलं, तर उंचवटा नऊपट होतो. मशीनवर वाचवलेला वेळ मग घासण्यात जातो. घासतानाही भान लागतं: तक्ता लवकर झिजतो, गोंदाची रेघ कडक राहते. जोर जास्त लावला तर गोंदाच्या रेघा नकाशावरच्या समोच्च रेषांसारख्या वर उठतात. वाळू अशा प्रत्येक रेघेत अडते.

पहिला आक्षेप पाण्याचा, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. बेंटोनाइटच्या ओल्या वाळूत तीन-चार टक्के पाणी असतं आणि ती थेट पॅटर्नला भिडते. उघडा एमडीएफ तिथे काही साच्यांतच कडांनी फुगेल. तक्त्याची वरची-खालची पृष्ठं दाट असतात, मधला भाग सैल. त्यामुळे कापलेली कड पाणी शोषते. म्हणून कड आधी पातळ सीलरने भिजवायची, वाळल्यावर उभे राहिलेले तंतू घासायचे, पुन्हा सीलर, लांबी (पुट्टी) भरायची, मग पॉलियुरेथेन रंगाचे हात द्यायचे. पॅटर्नचा तळही याला अपवाद नाही. एकच बाजू रंगवली तर दुसरी बाजू पावसाळ्यात ओलावा खाते आणि पॅटर्न वाकतो. ओलावा सोसणारे जास्त घनतेचे तक्ते बाजारात एचडीएचएमआर या नावाने मिळतात, त्यांनी धोका कमी होतो, संपत नाही. माझ्या मते एमडीएफची खरी जागा रेझिनने घट्ट होणाऱ्या नो-बेक वाळूत आहे. तिथे पाण्याचा प्रश्न मागे पडतो, मात्र रेझिनमधल्या रसायनांना टिकेल असाच रंग निवडावा लागतो. दाबयंत्रावरच्या वेगवान मोल्डिंग लाइनसाठी एमडीएफचा विचारही करू नये. तिथे धातूच हवा.

दुसरा आक्षेप आयुष्याचा. सागवानी पॅटर्न शेकडो साचे सोसतो, धातूचा हजारो. एमडीएफ काही डझनांत दमतो. हे खरं आहे. पण बंद पडलेल्या जुन्या यंत्राचा एक सुटा भाग, नव्या पंपाचे पहिले पाच नमुने, एखाद्या साखर कारखान्याला हवे असलेले पंचवीस नग, अशा कामांना हजार साच्यांचा पॅटर्न कशाला? नव्या भागाच्या विकासात तर पहिला पॅटर्न बहुधा बदलावाच लागतो. भिंत जाड करावी लागते, धातू शिरायची वाट हलवावी लागते. हा बदल महागड्या पॅटर्नवर करायला लहान फाउंड्रीचा मालक कचरतो आणि सदोष कास्टिंग तसंच पुढे रेटलं जातं. हे नुकसान मला फार मोठं वाटतं. फायबरग्लासच्या कामात हीच गोष्ट आणखी स्पष्ट दिसते. होडीचं किंवा बसच्या पुढच्या भागाचं मोल्ड ज्यावरून घेतात तो प्लग एमडीएफचा चालतो, कारण एक निर्दोष मोल्ड निघालं की त्याचं काम झालेलं असतं. पॉलियुरेथेनचा केमवुड पाण्याला भीत नाही, कडाही सुरेख धरतो. पण तो कितीतरी महाग पडतो. पॅटर्नशिवाय थेट वाळूचा साचा छापणारी यंत्रंही आली आहेत. कास्टिंगमध्ये पोकळी ठेवणाऱ्या गुंतागुंतीच्या कोअरसाठी ती अजोड आहेत, साध्या आकाराला तेवढा खर्च परवडत नाही.

तिसऱ्या आक्षेपाला मात्र माझ्याकडे सवलत नाही. एमडीएफची धूळ पिठासारखी बारीक असते आणि तिच्यात राळ असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाची धूळ आणि फॉर्मल्डिहाइड ही दोन्ही माणसाला कर्करोग करणारी म्हणून वर्गीकृत केली आहेत. कटरजवळच धूळ ओढून घेणारी यंत्रणा नसेल आणि कामगार तोंडाला रुमाल बांधून उभा असेल, तर तो पॅटर्न स्वस्त पडला असं म्हणायचा अधिकार मालकाला नाही. धूळशोषकाचा खर्च राउटरच्या किमतीतच धरायला हवा.

राहिली मिस्त्रीची गोष्ट. राउटर आल्याने रंधा-पटाशीचं कसब जाईल ही भीती मला अनाठायी वाटत नाही. पण मिस्त्रीचं मोल हत्यारापेक्षा त्याच्या निर्णयात जास्त आहे. पॅटर्न कुठे दुभागायचा, कोअर कसा बसवायचा, कोणता कोपरा धारदार ठेवला तर तिथे धातू तडकेल, हे त्याला माहीत असतं. तो कोपऱ्यात मेण भरून बोटाने गोलाई देतो, अडणाऱ्या भिंतीवरून पॉलिशपेपर फिरवून उतार वाढवतो, आणि कास्टिंग सुटू लागतं. ही दुरुस्ती फाइलमध्ये पोचत नाही. वर्षभराने दमलेला पॅटर्न टाकून नवा कापला, की जुनीच चूक परत येते. सागवानी पॅटर्न जपून ठेवला जाई, तेव्हा त्या दुरुस्त्याही त्याच्याबरोबर राहत. एमडीएफ वापरायचा तर ती गोलाई आणि तो उतार मोजून त्याच दिवशी संगणकावरच्या मॉडेलमध्ये चढवायला हवा, आणि मॉडेलचा नवा क्रमांक, आकुंचनाचा आकडा व आतापर्यंत काढलेल्या साच्यांची संख्या पॅटर्नच्या पाठीवर रंगाने लिहायला हवी.