‘सैराट’ ते ‘चंद्रमुखी’: अजय-अतुल यांच्या उत्तरकाळाचा मागोवा

नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ २९ एप्रिल २०१६ रोजी प्रदर्शित झाला आणि बरोबर सहा वर्षांनी, त्याच तारखेला, प्रसाद ओक यांचा ‘चंद्रमुखी’ आला. दोन्हींचे संगीत अजय आणि अतुल गोगावले या बंधूंचे असले, तरी पहिल्याच्या चारही गाण्यांनी महाराष्ट्र व्यापला, तर दुसऱ्यात उंची आणि पुनरुक्ती शेजारी शेजारी नांदतात.

‘विश्वविनायक’ हा गणेशस्तुतीचा संग्रह आणि सुरुवातीची नाटकांच्या संगीताची कामे यांत पुढच्या वैभवाची चाहूल आहे, त्याहून अधिक काही नाही. खरा काळ २००४ च्या ‘अगं बाई अरेच्चा!’पासून सुरू होतो. गोंधळ, म्हणजे देवीच्या उपासनेतील संबळ-तुणतुण्याच्या साथीचे विधिगायन, आणि तमाशाच्या फडावरची लावणी हे दोन्ही देशावरचे प्रकार त्यांनी पाश्चात्त्य वाद्यवृंदाच्या भरण्यात असे बसवले, की मूळ ठेका कुठेही दबला नाही. ‘जोगवा’ला सर्वोत्कृष्ट संगीताचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, ‘जीव रंगला’साठी हरिहरन व श्रेया घोषाल या दोघांनाही पार्श्वगायनाचा, आणि १ जानेवारी २०१० रोजी आलेल्या ‘नटरंग’ने लावणीला एका पिढीच्या तोंडी पुन्हा बसवले.

करूळ आणि भुईबावडा घाटांच्या पायथ्याशी वसलेल्या वैभववाडीसारख्या कोकणातील तालुक्यात, जिथे तमाशापेक्षा दशावतार आणि भजन अधिक मुरलेले आहे, तिथेही ही देशावरची गाणी घाट उतरून आली. डबलबारीत, म्हणजे दोन भजनी बुवांच्या समोरासमोरच्या सामन्यात, द्रुत लयीच्या सामूहिक गजराला लोकप्रिय गाण्यांच्या चाली लावण्याची रीत आहे, आणि या रीतीत चालीची खरी परीक्षा होते, कारण पेटी, पखवाज आणि झांज एवढ्यावर तिला उभे राहावे लागते. या काळातल्या चाली तशा उभ्या राहतात. ‘सैराट’मधील ‘झिंगाट’ने अभिरुची बिघडवली, असा जो आरोप तेव्हा झाला, तो अन्यायाचा होता; दोष असेल तर विसर्जनाच्या मिरवणुकीत ध्वनिक्षेपकांच्या भिंती उभारणाऱ्यांचा. अजय-अतुल यांच्याच ‘कोंबडी पळाली’ला हिंदी ‘अग्निपथ’मधील ‘चिकनी चमेली’ झाल्यावरच देशव्यापी मान मिळावा, हेही मराठी संगीताच्या वाट्याला आलेले दुःखच.

‘सैराट’साठी हॉलिवूडच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर सिंफनी वाद्यवृंदाचे, म्हणजे तंतू, सुषिर आणि तालवाद्यांच्या मोठ्या समूहाचे, ध्वनिमुद्रण झाले आणि ‘याड लागलं’मध्ये तो विस्तार कोवळ्या प्रेमाच्या भव्यतेला शोभला. पुढे मात्र हा विस्तार सवयीचा झाला. ‘सैराट’च्या हिंदी अवतारात, २०१८ च्या ‘धडक’मध्ये, ‘झिंगाट’ आणि ‘याड लागलं’ हिंदी शब्दांत परतले, तेव्हाच नव्याची ओढ मंदावल्याचे दिसले.

विश्वास पाटील यांच्या कादंबरीवर आधारलेल्या ‘चंद्रमुखी’तील ‘चंद्रा’ हे गाणे श्रेया घोषाल यांनी जीव ओतून गायले आहे, तरी त्याची बांधणी ‘नटरंग’मधील ‘अप्सरा आली’च्या वाटेनेच जाते, आणि मोबाइलवरील काही सेकंदांच्या नाचात ते जितके फिरले, तितके त्याचे अंतरे कोणाच्या ओठी राहिले नाहीत. आर्या आंबेकर यांच्या आवाजातील ‘बाई गं’ मात्र निराळे आहे. बैठकीची लावणी, म्हणजे नाचाच्या वेगापेक्षा अदा आणि स्वरविलासावर उभी राहणारी लावणी, इथे उसंत घेऊन उलगडते. शब्दाला जागा मिळते, हरकतीला कारण असते आणि वाद्यमेळ गायिकेच्या मागे राहतो. संपूर्ण संग्रह या संयमाने बांधला असता, तर तो ‘नटरंग’च्या शेजारी निःसंकोच ठेवता आला असता.

तसे झाले नाही, म्हणून ‘चंद्रमुखी’ ही थोर संगीतकारांची अर्धी साधलेली कृती ठरते. ‘बाई गं’ ज्यांनी रचले, त्यांच्याकडून मराठी श्रोत्याने अजूनही संपूर्ण संग्रहाची मागणी करावी, आणि ती चाल पेटीवर वाजवून पाहूनच करावी.