घनवाद्य आणि ताल : एका समीकरणाची तपासणी

भरताच्या नाट्यशास्त्रात वाद्यांचे तत, अवनद्ध, सुषिर व घन असे चार वर्ग केलेले आहेत. त्यांतील घनवर्गाची सांगड तालाशी घातली गेली व भाषेनेही तिला दुजोरा दिला. संस्कृत ‘ताल’ हा शब्द कालमापन आणि कांस्यवाद्य या दोन्ही अर्थी येतो. मराठीत पहिला अर्थ ‘ताल’ या तत्सम रूपाकडे, तर दुसरा ‘टाळ’ या तद्भव रूपाकडे गेला. तथापि घन म्हणजे केवळ काल मोजणारे वाद्य, हे समीकरण कितपत ग्राह्य आहे?

पाश्चात्त्य ड्रमसंचातील झांजांचे उदाहरण येथे उद्बोधक ठरते. लडविग बंधूंचे १९०९ चे पायपेडल व १९२० नंतरच्या दशकात रूढ झालेली पायाने मिटणारी जोडझांज, यांमुळे एकाच वादकाच्या हाती संपूर्ण संच आला. त्यात एक झांज लय अखंड राखते, जोडझांज मिटून तुटक व उघडून लांब नाद देते, तर तिसरी केवळ ठळक जागी कडाडते. चामड्याचा नाद खालच्या पट्टीत असतो व त्वरित ओसरतो. कांस्यपत्र्याची कंपने मात्र परस्परांच्या पूर्णांकी पटीत नसतात. शिवाय आघातानंतर काही शतांश सेकंदांत ऊर्जा उच्च कंपनांकडे सरकते व झणकार फुलतो. निश्चित स्वर नसल्यामुळेच तो कोणत्याही स्वरमेळात सामावतो. अर्थात येथेही घनाचे कार्य कालमापनापुरते मर्यादित नाही. नादाला रंग देणे हेही त्याचेच कार्य होय.

याहून निर्णायक पुरावा कोकणा समाजाच्या कथागायनात सापडतो. डांगपासून जामसर ज्या परिसरात वसले आहे त्या जव्हार-मोखाड्यापर्यंत या समाजाची वस्ती आहे. कथेकरी काशाच्या थाळीच्या मध्यभागी मेणाने एक बारीक काडी उभी करतो व तिच्यावरून बोटे ओढीत राहतो. घर्षणाने काडीत उठलेली कंपने थाळीत उतरतात आणि अखंड घुमणारा नाद निघतो. हा नाद मात्रा मोजीत नाही. तंबोऱ्याप्रमाणे तो कथनाला आधारस्वर पुरवितो. द्रव्य तेच, वर्गही तोच. कार्य मात्र सर्वस्वी निराळे.

तेव्हा ‘घन’ ही द्रव्यवाचक व ‘ताल’ ही कार्यवाचक संज्ञा मानून त्या पृथक् ठेवणे आवश्यक आहे. हा प्रश्न निव्वळ पारिभाषिक नव्हे. क्षेत्रीय संकलनाच्या प्रश्नावलीत ‘तालवाद्ये कोणती?’ एवढेच विचारले, तर उत्तरात थाळी येणार नाही. आणि कोशात ती केवळ जेवणाचे भांडे म्हणूनच उरेल.