अमेरिकेचा अभ्यास आणि खानदेशचा कापूस

मुक्ताईनगरच्या काळ्या जमिनीत कापूस पिकतो; अमेरिकेशी खानदेशचे नाते या पिकानेच जोडले. 1861 मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी झाली आणि लँकेशायरच्या गिरण्यांनी मुंबईकडे धाव घेतली. कापसाचे भाव कडाडले. 1865 मध्ये युद्ध संपताच ते कोसळले. इतिहासाचा विद्यार्थी यातील युद्ध शिकतो, अर्थशास्त्राचा विद्यार्थी मागणी-पुरवठा. भावामागची गुलामगिरी मात्र दोहोंच्या मधल्या फटीतून निसटते.

ही फट महाराष्ट्राने पूर्वीच ओळखली होती. जोतीराव फुल्यांनी 1873 मध्ये ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ, गुलामांच्या मुक्ततेसाठी झटलेल्या अमेरिकन लोकांना अर्पण केला. पंडिता रमाबाईंनी 1889 मध्ये अमेरिकेची लोकस्थिती मराठीत मांडताना राज्यपद्धती, शिक्षण आणि स्त्रियांची स्थिती यांचा एकत्र विचार केला.

2020 च्या शैक्षणिक धोरणाने विषयांमधील भिंती ओलांडण्यास वाव दिला आहे. अशा वेळी अमेरिकेचा आंतरशाखीय अभ्यास ही केवळ परदेशी जाणाऱ्यांची सोय ठरू नये. ज्याच्या घरच्या कापसाच्या भावावर न्यूयॉर्कच्या वायदेबाजाराचे सावट असते, त्या विद्यार्थ्यासाठी तो अभ्यास चैन नव्हे, गरज आहे.